जिंकून घालवलेली शाळा

शाळा बंद पडायला कारणं पुष्कळ असतात. कुठे मास्तर येत नाहीत, कुठे मुलं येत नाहीत, कुठे पावसात छत खाली येतं. आमच्या बेलखेडीची शाळा बंद झाली ती खो-खोमुळे, आणि तीसुद्धा आम्ही जिंकलो म्हणून. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग "असं कसं होईल?" म्हणतो आणि मग स्वतःच्या गावच्या शाळेचं सांगायला लागतो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. आत्मकथन म्हातारपणी लिहावं अशी रीत आहे आणि मी अजून चाळिशीच्या अलीकडे आहे. पण घरात मोबाइल यायच्या आधी जे जन्मले ते सगळे माझ्या मुलीच्या लेखी इतिहासात जमा असतात. तेव्हा वयाची अट मी पूर्ण केली आहे असं धरून चालते.

आमची पिठाची चक्की होती. घर बौद्धपुऱ्यात आणि चक्की बोरी अरबच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्यामुळे आमच्या घरी घोटभर पाणी न पिणारी माणसंही आमच्या हातचं पीठ निमूट घेऊन जायची. "पाण्याले विटाळ होते, पिठाले होत नाही," एवढंच बाबा म्हणायचे आणि पुढचा डबा ओतायचे. त्यांच्या भुवया आणि पापण्या कायम पांढऱ्या. आंघोळ करून आले की आम्हाला ते अनोळखी वाटायचे. आमचं घर लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर चालायचं. लाईन आली की बाबा ताटावरून अर्धे उठत, लाईन गेली की परत येऊन गार भाकर खात. चक्की सुरू असली की दळणाला आलेली माणसं एकमेकांच्या कानात ओरडून बोलायची. मग लाईन अचानक जायची, पट्टा थांबायचा, पण माणसाचं वाक्य काही लगेच थांबायचं नाही. कुणाच्या सुनेनं काय केलं, शेताच्या धुऱ्यावरचा दगड कुणी किती सरकवला, हे सगळं भर रस्त्यात खणखणीत ऐकू जायचं. ज्याला जनमत म्हणतात ते आमच्या गावात असं तयार होत असे. सरकारला त्याची गरज पडली ती फार नंतर.

आईच्या चुलीवर भाकर, ठेचा आणि आलटूनपालटून बेसन नाहीतर अंबाडीची भाजी. आमच्या भाकरीत ज्वारीबरोबर कुणाचा गहू, कुणाची चण्याची डाळ थोडी थोडी असायचीच, कारण चक्कीच्या तोंडाशी उरलेलं पीठ आई झाडून आणायची आणि त्याच्या भाकरी थापायची. सगळ्या गावाची चव मला लहानपणीच कळली, असं मी आता समारंभात बोलायची वेळ आली तर सांगते आणि लोक माना डोलावतात. तेव्हा मात्र मला निव्वळ ज्वारीची, पांढरीशुभ्र भाकर हवी असायची आणि ती न मिळाल्याबद्दल मी रोज तोंड फुगवत असे.

शाळा सातवीपर्यंत होती. पहिली ते चौथी एका मॅडमकडे आणि पाचवी ते सातवी मानकर सरांकडे. सर गणित, मराठी, इंग्रजी, चित्रकला आणि शारीरिक शिक्षण, सगळं एकाच खोलीत शिकवायचे. पाचवीचं तोंड एका भिंतीकडे, सहावीचं दुसऱ्या आणि सातवीचं तिसऱ्या. चौथ्या भिंतीला दार होतं, त्यातून खिचडीचा वास यायचा, म्हणून तिकडे कुणाचं तोंड करणं सरांनी टाळलं होतं. या शाळेला एक जुनाट दुखणं होतं, त्याचं नाव पट. पट म्हणजे हजेरीतली मुलं. तालुक्याहून कुणीही आलं की आधी विचारायचं, पट किती. आजाऱ्याला भेटायला आलेले लोक ताप किती म्हणून विचारतात, तसंच. ताप चढला की लोक घाबरतात, आमचा पट उतरला की सर घाबरायचे. वरचे वर्ग बंद झाले तर मोठ्या गावच्या शाळेत जावं लागणार होतं. ते नाल्यापलीकडे, तांड्याच्याही पलीकडे, डांबरी सडकेवर. आठवीसाठी तिथे मुलगे जात. मुलींना कुणी पाठवत नसे, आणि का पाठवत नाही असं कुणी विचारतही नसे.

नाल्याच्या पलीकडे बंजाऱ्यांचा हिरामण नाईक तांडा. त्यांचीही शाळा सातवीपर्यंत, आणि त्यांचाही पट आमच्यासारखाच अंथरुणाला खिळलेला. ललिता राठोड त्या शाळेत, माझ्यासारखीच सहावीत होती. तिला सगळे लली म्हणत. तिच्या वडिलांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं की शाळा दारात आहे तोवर शीक, शाळेमागे गावोगाव फिरायचं नाही. हे तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं. आपलं नाव, गाव सांगावं तितक्या सहज सांगितलं. मी माझ्या घरचं काही सांगितलं नाही, कारण माझ्या घरी तसं कुणी बोललं नव्हतं. पण आईनं माझ्यासाठी सातवीनंतर शिलाई मशीन बघून ठेवली होती, हे मला माहीत होतं.

तालुक्याच्या क्रीडास्पर्धांना आमची शाळा दरवर्षी जायची. म्हणजे संचलनात फलक धरायला जायची. खो-खोला मैदानावर नऊ मुली लागतात आणि आमच्या वरच्या तिन्ही वर्गांत मिळून तेवढ्या मुली नव्हत्या. मग आम्ही फलक घेऊन मैदानाला चक्कर मारायची, साहेबांना सलामी द्यायची, चिवड्याची पुडी घ्यायची आणि झाडाखाली बसून मोठ्या शाळांना टाळ्या वाजवायच्या. आमच्या टाळ्यांची तालुक्यात चांगली ख्याती होती. एका वर्षी तर शिस्तबद्ध प्रेक्षक म्हणून आमचं माइकवरून कौतुक झालं आणि सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

आणि मग वरून एक परिपत्रक आलं. ज्या लहान शाळांकडे पुरेसे खेळाडू नाहीत त्यांनी शेजारच्या शाळेसोबत संयुक्त संघ उतरवावा, मात्र त्याआधी दोन्ही गावांच्या नागरिकांची सभा घेऊन त्यांचं मत नोंदवून घ्यावं. आता आमच्या गावाला रस्ता कुठून न्यायचा हे कुणी विचारलं नव्हतं, धरणाचं पाणी कुठे सोडायचं हे विचारलं नव्हतं, विजेची डीपी कुठे बसवायची हे तर मुळीच विचारलं नव्हतं. खो-खोबद्दल मात्र सरकारला आमचं मत पाहिजे होतं. गाव एकदम ताठ झालं. लोकांनी त्या सभेला इस्त्रीचे कपडे घातले.

सभा आमच्या शाळेच्या ओसरीत झाली. तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले. माणूस सभ्य, आवाज मऊ, हातात पेन. तांड्याकडून त्यांचे प्रमुख, म्हणजे स्वतः नाईक आले, पांढरी पगडी बांधून. आमच्याकडून सरपंच भाऊराव, ज्यांना माइक नसला तरी माइक असल्यासारखं बोलायची सवय होती. साहेबांनी विषय सांगितला आणि सूचना मागितल्या. लगेच एकानं डीपी मागितली. दुसऱ्यानं बस फाट्यावर थांबत नाही हे सांगितलं. तिसऱ्यानं खिचडीत तेल कमी असतं असं सांगितलं, आणि ते त्याला कसं कळलं हे कुणी विचारलं नाही. साहेब प्रत्येकाला म्हणत, "विषय खो-खोचा आहे," आणि तरीही सगळं लिहून घेत. आपलं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय हे दिसल्यावर गावाला चेव चढला.

"अंतराचं तं बोलूच नका साहेब," भाऊराव उठून म्हणाले. "आमच्या पोट्ट्या म्हंजे वारा हाये वारा. हा नाला काय घेऊन बसले तुमी? डोंगर दाखवा, पळत जातीन." साहेबांनी लिहून घेतलं. नाईक शांतपणे म्हणाले, "साहेब, आमाले ह्या दोन शाळा वाटतच नाहीत. पोरं आमचेच, मास्तर आमचेच. एकच शाळा समजा." साहेबांनी तेही लिहून घेतलं आणि "सुंदर" असं म्हणाले. मग बायकांमध्ये कुजबुज झाली आणि कुणीतरी माझ्या आईला पुढे ढकललं. आई आयुष्यात कधी सभेत बोलली नव्हती. पदर नीट करून ती म्हणाली, "पोरी सकाऊन गेल्या आन् दिवस बुडता आल्या तरी चालते. घरचं काम आमी पाहून घेऊ. खेळू द्या त्याइले." मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. मला आईचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. रोज मला भांडी घासायला लावणारी आई चारचौघांत असं बोलली, यापुढे खो-खो वगैरे ठीकच होतं. साहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "आमची हरकत नाही." दोन्ही गावांचं एकमत झालं. असं एकमत याआधी फक्त पावसाबद्दल झालेलं होतं.

हे एकमत जर्सी शिवायची वेळ येईपर्यंत टिकलं. जर्सीवर नाव कुणाचं आधी? भाऊरावांच्या मते बेलखेडी जुनं गाव, म्हणून ते वर. तांड्यातल्या पोरांच्या मते पळणाऱ्या मुली त्यांच्या जास्त, म्हणून तांडा वर. हा वाद आमच्या चक्कीवर चालला. लाईन असताना ओरडून आणि लाईन गेल्यावर त्याहून ओरडून. दळण बाजूला राहिलं, गव्हाचे डबे रांगेत तसेच. शेवटी बाबा वैतागले. ते एरवी बोलत नसत, म्हणून सगळे गप्प झाले. "एक नाव पोटावर लिवा, एक पाठीवर लिवा," ते म्हणाले. "आन् मले ज्वारी दळू द्या." ठरलं. पोटावर बेलखेडी, पाठीवर हिरामण तांडा. पोट वरचढ की पाठ, यावर आणखी दोन दिवस गेले. पण पोट पुढे असतं म्हणून आमचं गाव खूश आणि पळताना लोकांना पाठच दिसते म्हणून तांडा खूश.

सराव नाल्याच्या पात्रात व्हायचा. पाणी नसलं की तिथली वाळू सपाट असते आणि पडलं तरी लागत नाही. दोन्ही टोकांना बाभळीचे खांब. मानकर सर हातात पुस्तक धरून खो-खो शिकवायचे, कारण त्यांनी तो कधी खेळला नव्हता. लली पळायला लागली की सर पुस्तक मिटायचे. ती वाकून, जमिनीशी बोलल्यासारखी पळायची आणि ऐन वेळी अशी वळायची की पाठलाग करणारी पोर सरळ खांबावर. मी बसणाऱ्यांतली. पाठीवर खो बसला की उठायचं, धावायचं आणि शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी खो देऊन मोकळं व्हायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. खेळून झालं की आम्ही वाळूत डबे उघडायचो. त्यांच्याकडे भाकरीला बाटी म्हणतात. ललीची बाटी आणि माझी भाकर, दोन्हीची ज्वारी बाबांच्याच चक्कीवर दळलेली. पण ललीची बाटी पांढरीशुभ्र असायची. मी तिला माझी गावभराच्या पिठाची भाकर द्यायचे आणि तिची घ्यायचे. तिला माझी आवडायची. "तुह्या भाकरीत कायकाय लागते व," ती म्हणायची आणि मन लावून खायची. ललीची याडी, म्हणजे आई, एकदा नाल्यावर आली आणि आमचा खेळ पाहून म्हणाली, "ही छोरी घरी पाण्याले चाल म्हणलं तर चालत नाही आन् इथं पाहा." असं म्हणताना ती हसत होती.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही टेम्पोत उभ्यानं गेलो. या वेळी फलक दुसऱ्या एका शाळेनं धरला होता आणि आम्ही त्यांना मोठ्या मनानं टाळ्या वाजवल्या. पहिले सामने कसे जिंकले ते मला आठवत नाही, कारण मला उलटी होत होती. अंतिम सामना मोठ्या गावच्या शाळेशी. त्यांना बूट, ट्रॅकपँट, पाण्याच्या बाटल्या आणि गळ्यात शिटी घातलेले खास खेळाचे सर. आम्ही अनवाणी. खो-खोत बसणाऱ्या मुली एकीआड एक उलट तोंडानं बसतात, म्हणजे एकीचं पोट प्रेक्षकांकडे तर दुसरीची पाठ. आम्ही पाटीवर बसलो आणि प्रेक्षकांना दिसलं: बेलखेडी, हिरामण तांडा, बेलखेडी, हिरामण तांडा. समालोचन करणारे गृहस्थ गोंधळले. त्यांनी माइकवर विचारलं की मैदानात दोन संघ का बसले आहेत. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्यांना नेमकं उलटं दिसत होतं, त्यामुळे कोण कुठली यावर त्यांच्यात वाद लागला. खेळ सुरू झाला तेव्हा निम्मे प्रेक्षक भांडत होते.

आम्ही जिंकलो. मी ते फार रंगवून सांगू शकले असते, पण मला दिसलं ते इतकंच की शेवटच्या डावात लली उरली, शिटी वाजायची होती आणि बूट घातलेल्या मुली एकामागून एक तिच्यामागे धावत होत्या. ती कुणाला सापडली नाही. शिटी वाजली तरी ती थांबेना, कारण तिला ती ऐकूच गेली नव्हती. मानकर सर मैदानात पळत गेले आणि त्यांनी तिला धरलं. त्या दिवशी तिला शिवलेला एकमेव माणूस म्हणजे सर. ढाल लाकडाची होती, मध्ये पितळी पत्रा, त्यावर धावणारा एक पुरुष. मुलींच्या खो-खोसाठी पुरुष का, असं कुणी विचारलं नाही. परत येताना टेम्पोत सगळ्यांनी ती आळीपाळीनं मांडीवर घेतली. माझ्या वाट्याला नाल्याच्या उतारावर आली आणि टेम्पो आदळला तेव्हा मी स्वतःला सोडून ढालीला सावरलं, माझा दात ओठात रुतला. तो व्रण अजून आहे. फोटोत मी थोडी हसतेय असं वाटतं ते त्यामुळे.

काही दिवसांनी साहेब सत्काराला आले. पुन्हा ओसरी, पुन्हा नाईकांची पगडी, पुन्हा आई बायकांत बसलेली, या वेळी पहिल्या रांगेत. टेबलावर ढाल, तिच्याभोवती झेंडूची माळ. आमच्या गावाची एक रीत आहे: साहेब बोलताना थांबले की टाळ्या वाजवायच्या. त्यांना दम लागला असो की पाणी प्यायचं असो. तालुक्यात नावाजलेल्या त्या टाळ्या. साहेब म्हणाले, या दोन लहान शाळांनी एकत्र येऊन साऱ्या तालुक्याला धडा दिला. टाळ्या. एकत्र आल्यानं काय होतं ते या मुलींनी सिद्ध केलं. टाळ्या. हाच आदर्श पुढे नेत, दोन्ही गावच्या नागरिकांनी एकमतानं व्यक्त केलेल्या भावनांचा आदर करून, दोन्ही शाळांचे पाचवी ते सातवीचे वर्ग येत्या वर्षापासून मोठ्या गावच्या सुसज्ज शाळेत एकत्र करण्यात येत आहेत. साहेब पाणी प्यायला थांबले. टाळ्या.

सगळ्यात आधी बाबांच्या टाळ्या थांबल्या. ते मागे दाराशी उभे होते, आणि त्यांचे पांढरे हात तसेच हवेत राहिले. मग मानकर सर. मग एकेक करत ओसरी गप्प झाली. भाऊराव तेवढे वाजवत राहिले, कारण ते पुढच्या भाषणाची जुळवाजुळव करत होते. मी ललीकडे पाहिलं. ती ढालीकडे पाहत होती. तिला कळायला कुणाच्या समजावण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबा चक्की बंद ठेवून सरांसोबत तालुक्याला गेले. मलाही नेलं, का ते त्यांनाच ठाऊक. साहेबांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. आवाज तसाच मऊ. त्यांनी आमच्या सभेची टिपणं काढली आणि वाचून दाखवली. नागरिकांच्या मते अंतराची अडचण नाही. मुली नाला सहज ओलांडतात. दोन्ही गावं या शाळा एकच मानतात. महिला पालक मुलींना सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बाहेर पाठवायला तयार आहेत. "यातलं एक अक्षर आमचं नाही," साहेब म्हणाले. "सगळं तुम्हीच बोललात. एवढी सकारात्मक सभा मी दुसरी पाहिली नाही."

"साहेब, ते खो-खोसाठी होतं," बाबा म्हणाले.

"मत हे मत असतं. खेळासाठी एक आणि शिक्षणासाठी एक, असं असतं का?"

 याचं उत्तर मला आज सुचतं, पुष्कळ सुचतं, रात्री अंथरुणात तर फारच चांगलं सुचतं. तेव्हा मी बशीतला चहा पीत होते. सरांनी डीपीचं, बसचं काय झालं ते विचारलं. तीही मतंच होती. साहेब म्हणाले, "ते इतर या सदरात घेतलं आहे. त्यांचं खातं वेगळं." परतताना बसमध्ये बाबा एवढंच बोलले, "तुह्या मायले काही सांगू नको, काय काय वाचलं ते." मी सांगितलं नाही. पण गाव आहे, चक्की आहे, आणि लाईन ऐन वेळी जाते. आईला कळलं. त्यानंतर ती आयुष्यात कुठल्याही सभेत बोलली नाही. बचत गटाच्या बैठकीतसुद्धा मान हलवून सही करते. बाकी सगळ्यावर मला हसता येतं, पण यावर येत नाही.

मला बाबांनी सायकल घेऊन दिली आणि शिलाई मशीनचा विषय घरातून बंद केला. नवं वर्ष सुरू झालं तशी मी सडकेनं मोठ्या गावाला जायला लागले. वाटेत तांडा लागायचा. लली पहिले काही दिवस सायकलचा आवाज ऐकून विहिरीपाशी यायची आणि आज काय शिकवलं ते विचारायची. मग ती कापूस वेचायला जायला लागली आणि विहिरीवर दिसेनाशी झाली. तिच्या वडिलांनी शब्द फिरवला नव्हता. त्यांनी आधीच सांगितलं होतं, शाळा दारात आहे तोवर. दार गेलं. मला फार वाईट वाटायचं आणि त्याचं काय करावं ते कळायचं नाही, म्हणून मी तांड्यावरून जाताना सायकल जोरात मारायचे.

बंद वर्गांचं सामान मोठ्या शाळेत पोचलं. बाकं, फळा, नकाशे आणि ढाल. ढाल त्यांनी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवली. तालुक्यातून येणाऱ्या पाहुण्यांना मुख्याध्यापक ती दाखवायचे: आमच्या मुलींनी जिंकलेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंड उघडणार होते, पण नीट पाहिलं तर ते खोटंही बोलत नव्हते. आता आम्ही त्यांच्याच मुली होतो. ज्यांना हरवलं त्यांच्याकडेच ढाल गेली, आम्हीही गेलो. फक्त जिनं हरवलं होतं ती आली नाही. खो-खोच्या संघात मला घेतलं नाही. माझा पळण्याचा वकूब त्यांच्या सरांनी एका नजरेत ओळखला, याबद्दल मी त्यांना दोष देत नाही.

हे सगळं आत्ताच लिहायला बसले, कारण गेल्या आठवड्यात ललीचा फोन आला. ती पांढरकवड्याकडे दिली आहे, केळापूरजवळ. आमचं बोलणं वर्षातून दोनतीनदा होतं, बहुतेक माझ्या भाकरीवर येऊन संपतं. तिची मुलगी गावातल्या शाळेत सातवीत आहे, आणि त्या शाळेचाही पट कायम तापलेल्या माणसासारखा कण्हत असतो. आता सभा होत नाही. पालकांच्या मोबाइलवर लिंक येते. शाळेविषयी आपलं मत नोंदवा: उत्तम, चांगलं, समाधानकारक. वाईट असं मत असू शकतं, हे लिंकला माहीत नाही.

"पोट्टी फायनलले गेली व," लली म्हणाली. "आन् इकडून हे मत मागून राह्यले. मी काय दाबू?"

मी एकदम म्हणाले, "काहीच दाबू नको. फोन बंद करून ठेव. आणि पोरीला सांग, हर म्हणा. शहाणी असेल तर फायनल हरेल."

 पलीकडे मागे कुठेतरी चक्कीचा आवाज येत होता, की माझ्या कानातच होता, कोण जाणे. मग ती म्हणाली, "नाही बा, हे मी नाही सांगत. आपन हरलो असतो त का ठेवली असती आपली शाळा? इतके वर्स झाले, मी तेच धरून बसली. न्यायची होती ते नेलीच असती. मले एवढं आठवते का त्या दिवशी मले कोनी शिवलं नाही. तेवढं तं माह्या पोरीलेही राहू दे."

इतकी वर्षं ही गोष्ट मी लोकांना हसवून सांगत आले, आणि जिची ती होती तिच्याकडे त्यातलं काहीतरी साबूत राहिलं होतं, हे मला कधी सुचलं नव्हतं.  काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "बरं, जिंकू दे. पण ढाल शाळेत ठेवू देऊ नको."

"ते तं मी सरले आधीच सांगून आली," लली म्हणाली. "म्हनलं, जिंकली तं ढाल माह्या घरी राहीन. शाळा लागन तिकडे घेऊन जा."